अळणी दगड

शरदातली सकाळ. खाडीवर केशर सांडलेलं, खाजणातलं पाणी झळझळीत, आणि त्या जलदर्पणात आपलं मुख न्याहाळत उभी असलेली तेलशोधकांची प्रयोगशाळा. शुभ्रभित्ती, नीलगवाक्षा, गंभीरवदना. खोटं वाटेल, पण तिच्यासमोरचे बगळेदेखील परवानगी घेऊन पाय बदलत.

आत एका काचेच्या बरणीत, मिठाच्या पाण्यात, एक दगड मुरत होता. चुनखडीचा. समुद्रतळाखालून, कोसभर खोलीवरून उपसलेला. छिद्रमय, गूढगर्भ, युगनिद्रित. आकार अंगठ्याएवढा, मिजास हिमालयाची.

आणि त्याच्यापुढे बसलेली विभावरी गद्रे, जागरणक्लांता, रक्तनेत्रा. दगडातल्या छिद्रांचं गणित तिने मांडलं होतं, कित्येक दिवाळ्या त्या गणितावरून ओवाळून टाकल्या होत्या. गणित म्हणे, छिद्रं वाकडीतिकडी, पण एकमेकांना जोडलेली. वीज यातून सुखाने जाईल. यंत्र म्हणे, छे. विजेला विरोध, रोज थोडा थोडा वाढता विरोध.

दुपारी बैठक होती, आणि बैठकीत ते गणित कायमचं कपाटात जाणार होतं. यंत्र खोटं बोलत नसतं, विभावरीबाई, असं प्रमुख ताम्हणेसाहेबांनी मधाळ स्वरात बजावलंही होतं. बजावताना ते उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. त्या शेंगांचा मृण्मय, लवणार्द्र, मंदमंद सुगंध प्रयोगशाळेत सदैव दरवळे, गाभाऱ्यात धूप दरवळावा तसा.

दगडांच्या अभ्यासकांची एक जुनी रीत आहे. दगड डोळ्यांना कळला नाही, की जिभेला विचारायचा. विभावरीने तो बरणीतून काढला, डोळे मिटले आणि चाटला.

समुद्र यायला हवा होता जिभेवर. आली ती गावची विहीर.

"सर," ती हलकेच म्हणाली, "दगड अळणी आहे."

शेंग सोलणारी बोटं थांबली. गोड्या पाण्यातून वीज कुरकुरत चालते, हे तिथल्या झुरळांनाही ठाऊक होतं. दोघांची नजर सावकाश वळली. शेगडीवर, चंचुपात्रात, शेंगा खदखदत होत्या.

"बाहेरच्या मिठाला ही चव नाही हो," साहेब पुटपुटले.

शेंगांसाठी बरणीतलं जेवढं पाणी घेतलं तेवढं नळाचं परत ओतलं, पाण्याची रेघ कधी खाली जाऊ दिली नाही, हेही त्यांनी सांगितलं. आणि ते सांगताना त्यांचा ऊर किंचित भरून आला.

दगड पुन्हा सुकवला, नव्या खाऱ्या पाण्यात पुन्हा मुरवला. बैठक पुढे गेली. कारण 'तांत्रिक', अक्षर साहेबांचं.

मग विभावरीने तारा जोडल्या.

आणि त्या आदिम अंधारात, जिथे सूर्य कधी शिरला नव्हता, तिथे वीज निघाली. शंखाच्या जिन्यावरून, शिंपल्याच्या उंबऱ्यावरून, प्रवाळांच्या बोळाबोळांतून; अडखळत, वळत, विचारत, वाकत. यंत्रावरचा आकडा उतरत गेला, उतरत गेला, आणि विभावरीच्या गणितातल्या आकड्याशेजारी, दमल्यासारखा, अलगद टेकला.