भिंतीकडची बाजू

मी रोपवाटिकेच्या दारातली लाकडी पाटी बोलतेय. शुद्धलेखनाच्या चुका झाल्या तर पोटात घाला. ज्यानं मला घडवलं त्यानं शाळा लवकर सोडली, आणि माझं सगळं शिक्षण त्याच्याच हाताखालचं. शब्दही साधेच आहेत. अंगावर मावतील तेवढेच बाळगायची मला सवय.

पाटी होण्याआधी मी एका पलंगाची डोक्याकडची फळी होते. ऊन-पाऊस मला ठाऊक नव्हता. ठाऊक होतं ते घोरणं. पलंग मोडीत निघाला तेव्हा एका तरुण सुतारानं मला उचललं. कपाटं, टेबलं करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही, पण चार माणसांत तोंडातून शब्द फुटेल तर शपथ! त्याच्या ताईनं नुकतीच रोपवाटिका काढली होती. तिचं कौतुक करायचं तर बोलावं लागणार, त्यापेक्षा पाटी करणं त्याला सोपं वाटलं.

आधी रंधा, मग जाडा पॉलिश पेपर, मग बारीक. इतक्या गुदगुल्या मला जन्मात झाल्या नव्हत्या. हिरव्या अक्षरांत 'ताईची रोपं' लिहून त्यानं वर वॉर्निशचे हात मारले. चेहरा असा उजळला, की ताई माझ्यात बघून केस सारखे करायची.

पाठ मात्र कोरीच राहिली. कपाटाची भिंतीकडची बाजू कोण रंगवतं? त्याच्या धंद्यात कुणीच नाही. आपलं काही राहून गेलंय असं त्याला वाटलं नाही, आणि मलाही नाही.

पण मला लावलं दाराशेजारच्या भिंतीवर, आणि इथं रोज सकाळी ताई नळीनं पाणी मारते. टांगलेल्या कुंड्यांचं पाणी भिंतीवरून ओघळायचं आणि माझी उघडी पाठ ते गटागटा प्यायची. डाव्या-उजव्या कडा, जिथं लाकडाचे तंतू कापलेले असतात, त्यांची तहान तर विचारूच नका. पाठ फुगली, पुढून मी खोलगट झाले. चेहऱ्याला पोपडे आले.

"आमच्या पाटीला भरल्या वयात कुबड आलंय बघा," ताईचे यजमान एका गिऱ्हाइकाला म्हणाले.

सुतार नेमका तिथंच उभा. कानापर्यंत लाल झाला.

"अहो, त्याला कशाला टोचता?" ताई म्हणाली.

"टोचत नाही गं. पण पाटी बघूनच माणूस आत येणार ना? मी प्लास्टिकचा बोर्ड सांगतोय. हिच्यावर कुंड्या ठेवू."

कुंड्या! म्हणजे जन्मभर ओलीच!

"भाऊजी," सुतार पुटपुटला, "महिनाभर थांबा. मी भिंतीकडची बाजू करतो."

"भिंतीला दाखवायला?" भाऊजी हसले. पण थांबले.

त्यानं मला कारखान्यात नेलं. चेहरा खरवडून काढला तेव्हा मला रडू आलं, पण त्याचंही तोंड उतरलेलं बघून आवरलं. उन्हात ठेवलं असतं तर तडकले असते, म्हणून सावलीत, दोन पट्ट्यांवर, खालून-वरून वारा लागेल असं ठेवलं. हळूहळू मी सरळ झाले. मग त्यानं कडांना जवसाचं तेल पाजलं. पुरे म्हणेपर्यंत पाजत राहिला. नंतर प्रायमर, रंग, पुन्हा तीच हिरवी अक्षरं, वर उन्हापावसात टिकणारं वॉर्निश. चेहऱ्याला जितके हात, तितकेच पाठीला. कडांना एक जास्तच.

महिना भरला. तो मला घेऊन दारात आला.

"चकाकत तर आधीही होती," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी नळीच उचलली. पाठीवर धार, कडांवर धार. सुतारानं डोळे मिटून घेतले. पाणी माझ्या अंगावर टिकेचना! थेंब थेंब होऊन घरंगळलं, उरलेलं उसळून गेलं.

भाऊजींनी रुमालानं माझी पाठ पुसली. नखानं टोकरून बघितलं.

"च्यायला, हिला भिजवता भिजवता मीच भिजलो की!" शर्ट झटकत ते ओरडले. "राहू दे तो बोर्ड. पण एवढी देखणी पाठ पुन्हा भिंतीला लावलीस तर याद राख."

ताई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

आता माझं छान चाललंय. वर्षातून एकदा अंग घासून वॉर्निशचा नवा हात मिळतो. तुम्हीही लाकडी पाटी लावाल तर एवढं करा: न दिसणाऱ्या बाजूलाही तेवढेच रंग-वॉर्निशचे हात मारा.

हां, भाऊजी भिजले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं, ते राहिलंच. सुतारानं मला दारावर लोखंडी दांडीला टांगलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांनी दिसेन अशी, आणि शिडीवर उभा राहून पाठीवर 'पुन्हा या' लिहायला घेतलं. खालून समोरच्या बेकरीवाल्या काकूंनी हाक मारली, "ही पाटी कुणी केली रे?"

"मी केली, काकू," तो मोठ्यानं म्हणाला. "तुम्हालाही करून देतो. पण आधीच सांगतो, मी मागूनही रंगवतो. का, ते सांगू?"

आणि हातातला ब्रश वाळेपर्यंत तो सांगत राहिला.