यंदा सगळं एकदमच फुललं

दोकसूचा पाय सकाळपासून एका जागी ठरत नव्हता. चिलगोकच्या डोंगरावरची अकाशियाची पांढरी फुलं दोनच दिवसांत पिवळी पडली होती आणि चाळीस पेट्यांत मध जेमतेम तळाला होता. तीस वर्षं त्याचा शिरस्ता एकच. मे महिन्यात इथून सुरुवात करायची आणि बहर उत्तरेला चढेल तसं पेट्या घेऊन त्याच्या मागे जायचं. इथली फुलं झडेपर्यंत वरची उमलायची आणि एकाच झाडाचा मध तीनदा मिळायचा. गेल्या हिवाळ्यात मात्र अवेळी ऊन तापलं, मधमाशा फसून बाहेर पडल्या आणि परतल्याच नाहीत. निम्म्या पेट्या ओस पडल्या. उरलेल्या चाळीस यंदा भरल्या नाहीत तर विकून टाकायच्या, असं नवराबायकोचं ठरलं होतं. ठरवताना दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नव्हतं.

जेवायच्या वेळेला उत्तरेच्या टोकाच्या चोरवनहून मेंगचा फोन आला. मेंग तिथला जुना मधवाला, दरवर्षी बहराची खबर द्यायचा.

“भाऊ, इथे डोंगर फुलांनी पांढराफेक झालाय.”

“चेष्टा करू नकोस. तुमच्याकडे अजून दहा दिवस आहेत.”

“ते झाडांना सांग, मला काय सांगतोस? ओढ्याकाठची तुझी जागा अंधार पडेपर्यंत धरतो. पुढे दुसरे मधवाले घुसले तर माझा इलाज नाही.”

दोकसूने तडक पेट्यांची दारं बंद करून त्या गाडीत चढवायला घेतल्या. दुपारचे दोन वाजले होते. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यानेच त्याची खरडपट्टी काढली असती. त्याची बायको ओकबुन धावत आली.

“अहो, काय करताय? अर्ध्या माशा बाहेर आहेत. अंधार पडू द्या की.”

“तोवर जागा जाईल. जागा गेली की सगळंच गेलं.”

“आणि या घरी आल्या की कुठे जातील?”

“थोड्या राहिल्या तर राहू देत गं.”

“थोड्या म्हणे. वय वाढलं तशी अक्कल आटली तुमची.”

तिने एक रिकामी पेटी गाडीतून ओढून खाली ठेवली आणि शेजारीच बसकण मारली. “जा तुम्ही. मी यांना गोळा करून मागून येते.”

दोकसूने गाडी काढली. रस्ताभर त्याला मागे वळावंसं वाटत होतं आणि गाडीचा वेग मात्र वाढतच होता. मधल्या मुक्कामाचे डोंगरही पांढरे झाले होते. वर काय, खाली काय, सगळीकडे एकच दिवस उगवला होता. त्याला भीती वाटली: यंदा तीन बहर नाहीत, हा एकच.

जागा मिळाली. सकाळी त्याने दारं उघडली. डोक्यावर फुलांचे घोस लोंबत होते. मूठभर माशा उडाल्या. बाकीच्या दाराशी येऊन पुन्हा आत वळल्या. त्या कोवळ्या, पेटीतलं काम करणाऱ्या. त्यांना फुलांवर जायला आठवडा तरी हवा. वाट माहीत असलेल्या जुन्या माशा चिलगोकलाच राहिल्या होत्या.

“या उन्हात फुलं तीन दिवस टिकतील, फार तर,” मेंग म्हणाला.

दोकसूने बायकोला फोन लावला. “चुकलं माझं. इथे फुलं आहेत, पण मध आणायला कुणी नाही. गोळा झाल्या तेवढ्या घेऊन ये.”

“पेटी कालच भरली. बाकीच्या माझ्या पाठीवर, डोक्यावर बसल्यात. पेट्या होत्या तिथल्या गवतावर अजून घिरट्या घालतायत, आपलं दार शोधतायत.” फोनमधून माशांची गुणगुण येत होती. “अहो, पेट्या विकायचं तुम्ही बघा. मी यांना टाकून येणार नाही.”