कुत्र्यांसाठी ठेवलेली काठी

मी एक जुनी बांबूची काठी आहे. जोयड्याच्या रानात वाढले, तासून तेल पाजल्यावर एका पोलीस चौकीत नोकरीला लागले. चौकीचं नाव सांगत नाही. मला अजून तिथंच दिवस काढायचे आहेत.

मित्रांनो, आमच्या भिंतीवर मोठा फलक आहे : कोठडीत मारहाण करणे गुन्हा आहे. त्याच्याखालच्या कपाटामागे मी राहते. मोठे साहेब तपासणीला आले, की हवालदार रामचंद्र सांगतात, "ही कुत्र्यांसाठी हाय, साहेब." आमच्याकडे कुत्रं कधी फिरकत नाही. त्यांच्याही कानावर माझी कीर्ती गेली असावी.

एका सकाळी गणपती नावाच्या शेतकऱ्याच्या पडवीतला मुडलीच्या कंदांचा ढीग नाहीसा झाला. बायकोही दिसत नव्हती, पण त्याचं त्याला काही वाटलं नाही, कंदांचं वाटलं. शेजारच्या नागूला दंडाला धरून त्यानं चौकीत आणलं. मागोमाग अर्धा गाव.

"म्या न्हाई घेतलं," नागू म्हणाला.

"हवालदार, दोन हाणा, लगेच बोलंल," गणपती म्हणाला. गावानं माना डोलावल्या. फलक सगळ्यांना वाचता येत होता.

बोलला की! तळपायांवर मी बसताच कंद ओढ्याकाठी पुरल्याचं त्यानं सांगितलं. ओढ्याकाठी काही निघालं नाही. मग फणसाखाली म्हणाला, मग देवळामागं. रामचंद्र फावडं घेऊन घामाघूम, पुढे नागू लंगडतोय. संध्याकाळपर्यंत त्यानं कधी न पाहिलेली एक सायकल चोरल्याचंही कबूल केलं. गावानं माझी तोंडभरून स्तुती केली. मला मात्र ते सुजलेले पाय बघवत नव्हते.

एवढ्यात गणपतीची बायको अनुसया जीपमधून उतरली. नवरा जाऊ देणार नाही म्हणून ती तेच कंद घेऊन न सांगताच कंदमेळ्याला गेली होती, आणि तिच्या मुडलीला पहिलं बक्षीस मिळालं होतं!

सगळे बक्षीस बघायला धावले. नागूची माफी मागायचं राहूनच गेलं. शरमलेल्या रामचंद्रांनी मला कपाटामागे ढकललं. अंगावर धूळ बसली. फार सुखात होते मी.

गेल्या आठवड्यात नागूचा कोंबडा चोरीला गेला. वासू नावाच्या गड्याची गचांडी धरून तो चौकीत आला.

"काठी हरवली बाबा," रामचंद्र म्हणाले.

"कपाटामागं हाय की! थांबा, मीच काढून देतो," म्हणत नागू लंगडत आला आणि वाकला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात असं तुम्हाला शिकवतात. मला जपू नका. कुणाच्याही चुलीत घाला, पण नागूच्या हाती देऊ नका.