एका कोपराचे एकशे चार अंश

मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीत प्लॅस्टिकचा अर्धगोल कोनमापक असतो ना? मी त्याचा थोरला भाऊ. तो कागदावरचे कोन मोजतो, मी माणसांच्या सांध्यांचे मोजत आलो. आता मी जुना झालो आहे. माझा स्क्रू ढिला पडला आहे, अंशांच्या कित्येक बारीक रेघा पुसल्या गेल्या आहेत, आणि ज्या खणात मी पडून असतो तिथे सोबतीला एक तुटकी कात्री आणि वाळलेल्या मलमाची ट्यूब एवढेच आहे.

माझा जन्म मोजमापाची अवजारे बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात झाला. पोलादाच्या दोन पट्ट्या, मध्ये एक स्क्रू, आणि स्क्रूभोवती अंशांची गोल तबकडी, एवढेच माझे अंग. एका म्हाताऱ्या कारागिराने डोळ्याला भिंग लावून माझ्यावर एकेक रेघ कोरली. शेजारी बसणारा त्याला म्हणाला, "अहो काका, किती वेळ? रेघच आहे ती, नक्षी नाही." त्यावर मान वर न करता कारागीर म्हणाला, "नक्षी चुकली तर वाईट दिसेल. रेघ चुकली तर हा जन्मभर खोटं बोलेल."

हे वाक्य मी कधी विसरलो नाही.

तिथून मी एका दवाखान्याच्या तळमजल्यावर आलो. खोली लांबट होती. एका भिंतीवर बोटांनी चढायची लाकडी शिडी, दुसरीवर खांद्याने फिरवायचे चाक, मधोमध चटई, आणि दाराशी एक लांब बाक. खोलीच्या मालकीण म्हणजे व्यायाम शिकवणाऱ्या बाई. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आवाज मोठा, हात मऊ. पोलाद गार लागते म्हणून माणसाच्या अंगाला लावण्याआधी त्या मला दोन्ही तळव्यांत धरून ऊब देत. इतकी वर्षे झाली, ती ऊब मला अजून आठवते.

बाईंना शिकवायची भारी हौस. पेशंट व्यायाम करून दमला की त्याची शाळा सुरू. त्या म्हणत, "खांदा म्हणजे वाटीत ठेवलेला चेंडू, चहूकडे फिरतो. कोपर म्हणजे दाराची बिजागरी, फक्त मिटतं आणि उघडतं." मग माझ्या दोन्ही पट्ट्यांना पुढून लाल आणि मागून निळी लोकर बांधत. लाल लोकर ओढली की मी मिटायचो, निळी ओढली की सरळ व्हायचो. "पाहिलंत? स्नायूला ढकलता येत नाही, फक्त ओढता येतं. म्हणून ते जोडीने राहतात. एक ओढतो तेव्हा दुसऱ्याने सैल सोडायचं असतं. दोघांनी एकदम ओढलं, तर हात जागचा हलणार नाही."

"आमच्या घरी असंच चालतं," बाकावरचा एक सुतार म्हणाला, आणि त्याची बायको सोडून सगळे हसले.

कधी त्या एखाद्या मुलाला दारापाशी नेत आणि बिजागरीच्या अगदी जवळ बोट लावून दार लोटायला सांगत. दार हलता हलत नसे. "आपल्या दंडाचा स्नायू कोपराच्या असाच जवळ जोडलेला असतो. म्हणून हातात एक किलोची पिशवी धरलीस, तर त्याला सात-आठ किलोंइतकं ओढावं लागतं. बिचारा तक्रार करत नाही. पण त्याच्या बदल्यात तुझा हात झपकन कुठल्या कुठे पोहोचतो." मी ऐकत राहायचो. वाटायचे, आपण केवढ्या नाजूक आणि केवढ्या हुशार यंत्राला हात लावतो!

त्या खोलीची एक रीत होती. मोजून झाले की बाई माझ्यावरचा आकडा मोठ्याने वाचत. "शंभर! मागच्या आठवड्यात एक्क्याण्णव होता!" असे ऐकले की बाकावरचे सगळे टाळ्या वाजवत. ज्यांचे स्वतःचे हात वर होत नसत, ते मांडीवर थाप मारत. मला फार अभिमान वाटायचा. त्या टाळ्या आपल्यालाच आहेत असे मी समजायचो.

मित्रांनो, अभिमानाची गोष्ट इथेच संपते.

एका सकाळी नऊ वर्षांची एक मुलगी तिच्या बाबांबरोबर आली. सगळे तिला खार म्हणत, कारण ती भिंत, झाड, गज, दिसेल त्यावर चढायची. अशाच एका भिंतीवरून पडून तिचे उजवे कोपर मोडले होते. प्लास्टर नुकतेच निघाले होते. हात काडीसारखा बारीक झाला होता आणि अर्धवट वाकलेला तसाच राहिला होता. तिचे बाबा गॅरेजमध्ये डेंटर होते. ठोकर बसलेल्या गाड्यांचा पत्रा ठोकून, दाबून, ओढून पुन्हा सरळ करायचे. त्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

"मॅडम, हात जाम झालाय हिचा. आत गंज धरल्यासारखा," ते म्हणाले.

"गंज नाही हो. घाबरलाय तो. सांधा हलला तरच त्याच्या आतल्या कूर्चेला खायला मिळतं. इतके दिवस उपाशी होता. आता हळूहळू जेवायला शिकेल."

बाईंनी मला ऊब दिली आणि तिच्या कोपराला लावले. अठ्ठ्याहत्तर अंश. त्यापुढे ते मिटेना.

"बाई," खारीने विचारले, "माझी मला वेणी कधी घालता येईल?"

"आता कोण घालतं?"

"बाबा. पण ते वेणी नाही घालत, दोर वळतात."

"ए, कृतघ्न!" डेंटर म्हणाले.

"मला चार पेडांची लागते. आईने शिकवलेली. बाबांना तीनच येतात."

डेंटर खिडकीकडे पाहू लागले. खारीची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. जाण्याआधी, अंथरुणावर बसल्या बसल्या तिने लेकीला चार पेडांची वेणी शिकवली होती, आणि तेव्हापासून खार रोज सकाळी आपली वेणी आपणच घालत असे.

बाई म्हणाल्या, "मानेमागे हात न्यायचा तर कोपर एकशे तीसच्या पुढे मिटायला हवं. पोहोचू आपण. पण एक लक्षात ठेवा. हात हिचा हिनेच हलवायचा. दुसऱ्या कोणी दाबायचा नाही, ओढायचा नाही, चोळायचाही नाही. कोपर फार रुसकं असतं."

डेंटरनी मान डोलावली. पण मला वाटते, त्यांनी ऐकले ते फक्त 'एकशे तीस'.

दुसऱ्या आठवड्यात शहाऐंशी आले, तिसऱ्यात ब्याण्णव. टाळ्या पडल्या. खारीने सांगितले की बाबा गॅरेजच्या शटरवर खडूने आकडे लिहितात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. चौथ्या आठवड्यात चौऱ्याण्णव आले. दोनच अंश. बाईंनी नेहमीसारखे मोठ्याने वाचले, पण टाळ्या तुरळक पडल्या.

"दोनच?" डेंटर म्हणाले. "आठवड्यात दोन डिग्री? मॅडम, चेपलेला दरवाजा मी एका दुपारी सरळ करतो."

"दरवाजाला दुखत नाही," बाई म्हणाल्या.

पुढच्या खेपेला बाईंनी मला लावले आणि मी दचकलो. कोपर गरम होते. बाईंच्या तळव्यांपेक्षाही गरम. दंडाचा पुढचा भाग दगडासारखा घट्ट होता. सत्त्याऐंशी अंश. बाईंनी आकडा हळू वाचला.

"घरी कोणी दाबतं का हात?"

"छे छे. तेलाचा हात फिरवतो थोडा, बस," डेंटर म्हणाले.

"तेलही नको म्हटलं होतं मी. खारे, तू सांग. कोणी दाबतं?"

खारीने बाबांकडे पाहिले. मी तेव्हा तिच्या कातडीला टेकलेलो होतो. डेंटर एक पाऊल पुढे आले, तसे तिचे पुढचे आणि मागचे दोन्ही स्नायू एकदम ताठ झाले, लाल लोकर आणि निळी लोकर एकाच वेळी ओढल्यासारखे. पोलादाला जे कळले ते मला ओरडून सांगायचे होते. पण मला फक्त आकडे सांगता येतात.

"कुणी नाही दाबत, बाई," खार म्हणाली.

त्यानंतरच्या आठवड्यात एकाहत्तर. बाईंनी आकडा वाचलाच नाही. एक्स-रे काढायला पाठवले. फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, तेव्हा कोपराच्या पुढे, जिथे नुसता स्नायू असायला हवा, तिथे पांढरा ढग दिसत होता.

बाईंनी खारीला जवळ बसवले. त्यांनी काही विचारायच्या आधीच ती बोलू लागली. रोज संध्याकाळी गॅरेजमधल्या टेबलावर बाबा तिचा हात ठेवायचे. एका हाताने दंड धरून दुसऱ्याने दाबायचे. "थोडं सोस गं माझी राणी, वेणी घालायचीय ना तुला?" म्हणायचे. ती फ्रॉकची कॉलर दातांत धरायची.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही त्यांना रागावला असतात. आणि बाबासुद्धा रडायचे ना, दाबताना."

मग बाईंनी डेंटरना समजावले. त्यांचा आवाज प्रथमच लहान झाला होता. दुखावलेला स्नायू जोराने ओढला की आत फाटतो, रक्त साकळते. पुन्हा ओढला की पुन्हा फाटतो. शरीराला वाटते, इथे हाडच मोडले आहे, आणि ते भरून काढायला ते मऊ मांसात हाड धरू लागते. मग बिजागरीच्या फटीत कोणी दगड घालावा तसे होते.

डेंटर बाकावर बसले. स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिले. "मॅडम," ते म्हणाले, "माझ्या हाताखालून आजवर कधी काही वाकडं गेलं नाही हो."

बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. रागावल्या नाहीत. मला वाटते, त्याच वेळी त्यांना आपल्या खोलीतल्या टाळ्या आठवल्या असतील. त्या दिवसापासून त्यांनी आकडा मोठ्याने वाचणे बंद केले. मला लावण्याआधी त्या पेशंटला विचारू लागल्या, "दुखतं का? आणि काल काय काय करता आलं?"

ते नको असलेले हाड पक्के होईपर्यंत वर्षभर वाट पाहून, मग ते काढायला खारीचे ऑपरेशन झाले. नंतर ती आपला हात आपणच, न चुकता, हलवत राहिली. कोपर नव्वदला आले, शंभरला आले, एकशे चारला आले, आणि तिथे थांबले. एकशे चार अंशांत हात गळ्यापाशी येतो, तोंडापर्यंत पोहोचत नाही. डेंटरनी तिच्यासाठी लांब दांड्याचा एक चमचा आणला आणि गॅरेजमध्ये बसून त्याला वाक दिला. पाच-सहा चमचे वाया गेल्यावर एक तिच्या तोंडाशी नेमका आला. वाकडे सरळ करण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांनी एक सरळ वस्तू मुद्दाम वाकडी केली.

शेवटची भेट मला स्पष्ट आठवते. सहा महिने आकडा हलला नव्हता. बाई फोनवर बोलायला बाहेर गेल्या होत्या. खार आता अकरा वर्षांची होती. तिने मला टेबलावरून डाव्या हातात घेतले आणि, मित्रांनो, आधी मुठीत धरून ऊब दिली. मग स्वतःच्या कोपराला लावले. दोन वर्षे पाहून ती सगळे शिकली होती. मी सांगितले, एकशे चार.

डेंटर दारातच उभे होते. त्यांनी कितीतरी महिन्यांत आकडा विचारला नव्हता. त्या दिवशी कोण जाणे कसे, विचारले.

"वाढला का गं?"

खारीने माझ्याकडे पाहिले, मग बाबांकडे.

"एकशे दहा," ती म्हणाली.

"खरंच?"

"मग? आता थांबलं तरी चालेल."

डेंटरनी खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसले, कितीतरी वेळ पुसले. बाईंनी हे बाहेरून ऐकले असावे. त्या आत आल्या, त्यांनी माझ्यावरचा आकडा पाहिला, कागदावर एकशे चार लिहिले आणि तो कागद पालथा ठेवला. निघायच्या आधी खार बाकावर बसली आणि डेंटरनी तिची सुटलेली वेणी घालायला घेतली.

"चौथा पेड खालून घ्या, बाबा."

"खालूनच घेतोय."

"मग ही गाठ कशी आली?"

"गाठ नाही ती. डिझाइन आहे."

वेणी वाकडीच झाली. पण चार पेडांची झाली. आईची वेणी लेकीने बाबांना शिकवली होती.

पुढे बाई निवृत्त झाल्या, नवी माणसे नवी यंत्रे घेऊन आली, आणि मी या खणात आलो. याचे मला फारसे दुःख नाही. दुःख आहे ते गॅरेजमधल्या त्या सगळ्या संध्याकाळींचे, जेव्हा एक मुलगी कॉलर दातांत धरून गप्प राहिली आणि एक बाप रडत रडत चुकीचे काम मन लावून करत राहिला. बाळांनो, तुमचा हात, तुमचा गुडघा, तुमचा खांदा तुमच्याशी बोलतो. दुखणे ही त्याची भाषा आहे. ती ऐका. दुखत असेल तर समोर कितीही आवडते माणूस असू द्या, "थांबा" म्हणा. आणि कधी तुम्ही मोठे झालात आणि एखादा लहान हात तुमच्या हातात आला, तर त्याला आधी ऊब द्या, मग विचारा.

मला घडवणाऱ्या कारागिराने मी खोटे बोलू नये म्हणून एवढा खटाटोप केला होता. तो आज भेटला तर मी त्याला सगळे कबूल करीन. सांगेन, काका, माझ्या सगळ्या रेघा खऱ्या निघाल्या. फक्त एकदा माझ्या नावावर सहा अंश जास्त सांगितले गेले. ते मी कोणाला परत केले नाहीत.