घंटा पोहोचते तिथवर गाव

सोमवारी सकाळी वालब्रों गावचं चर्च जागेवरून उठलं आणि जिल्ह्याच्या शहराकडे चालू लागलं. घाई कसली ती नव्हती. दिवसभरात दोन-चार शेतं ओलांडायचं आणि संध्याकाळी दमल्या बैलासारखं बसकण मारायचं.

फ्रान्समधल्या त्या डोंगराळ मुलखात गावाची हद्द चर्चची घंटा ठरवायची. बाराची घंटा जिथवर ऐकू जाईल तिथवर गाव. ज्या घरात ती पोहोचली नाही, ते घर जेवणाआधीच नाहीसं व्हायचं, चुलीवरच्या सूपसकट. मंगळवारी पाववाल्याचं घर गेलं, बुधवारी शाळा.

गावची मेयर ओदेत, हट्टाची बाई. तिचा म्हातारा बाप गास्पार दोन्ही कानांनी ठार बहिरा. बहिऱ्यांसाठी तिथे जुनी रीत होती: बारा वाजता घंटेचा दोर हातात धरायचा, हिसका बसला की ऐकू आली असं समजायचं. पण आता चर्चमागे धावायला गास्पारचे गुडघे कुठले साथ देणार? ओदेतने दोन दिवस त्याला खांद्यावर नेलं. दोर रोज लांब जात होता. घंटा न ऐकलेलं माणूसही घरासारखंच नाहीसं व्हायचं; एक दिवस बाप जाईल, ही भीती तिला होती.

बुधवारी दुपारी ती जिल्ह्याच्या कचेरीत गेली. तिथल्या अधिकाऱ्याने, मोस्यू रिव्होने, खुर्ची पुढे केली.

"आमचं चर्च परत पाठवा," ओदेत म्हणाली.

"तो वारसा आहे, मादाम. वारशाला अडवता येत नाही. नदीवरचा पूल ओलांडला की मात्र तो आमचा."

"आणि माझे बाबा?"

"घंटा ऐकू आली पाहिजे."

"घरात बसून, हाताने ऐकली तर?"

रिव्होने नियमांचं पुस्तक चाळलं. "नियमात कान असं म्हटलेलं नाही."

उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं ही, पण कधीमधी त्यांच्या तोंडूनही कामाचं निघतं. ओदेत तडक घरी आली. मेयरचा तिरंगी पट्टा तिने कमरेला आवळला आणि गावातले सगळे दोर गोळा केले: गाईंचे, विहिरीचे, कपडे वाळत घालायचे. घंटेपासून गास्पारच्या खिडकीपर्यंत, वाटेत घराघरातून नेत, तिने त्यांचा एकच दोर बांधला. गुरुवारी बारा वाजता ती चर्चच्या मनोऱ्यात उभी राहून दोर ओढू लागली. घरोघरी हाताला हिसका बसला. त्या दिवशी एकही घर गेलं नाही.

संध्याकाळी शेजारीण बेर्त मनोऱ्याखाली आली.

"मेयरबाई, दोर धरून हात गळून जातात हो. घराच्या तुळईलाच बांधला तर?"

"बांधा की," ओदेत म्हणाली. "तुळई हलली तरी घराला कळेल."

इथेच गाडं घसरलं. शुक्रवारी चर्च उठलं, दोर ताणला गेला आणि त्यामागे बेर्तचं घर उठलं. मग लोहाराचं. पायऱ्या सावरत, अंगणातल्या कोंबड्या सांभाळत, घरं एकामागून एक शेतात उतरली. चर्च पुलाजवळ आलं तेव्हा पलीकडे रिव्हो उभा होता, मनोऱ्यातल्या ओदेतला हाका मारत.

"मादाम, घंटा थांबवा. एवढं गाव आमच्याकडे मावायचं नाही."

"थांबवली तर बाबा जातील."

"आणि वाजवत राहिलात तर?"

चर्चने पहिली पायरी पुलावर टेकवली. शहरातल्या घड्याळात बारा वाजायला आले होते. ओदेतने तळहातांवर थुंकून दोर घट्ट धरला आणि मागे पाहिलं. सगळ्यात शेवटी, चढावरून, तिचं स्वतःचं घर सावकाश खाली येत होतं. खिडकीत गास्पार बसला होता, एक हात दोरावर ठेवून, दुसऱ्या हाताने सूपचं भांडं सांभाळत. पूल एका घोडागाडीच्या रुंदीचा होता. तिने दोर ओढला. हिसका पोहोचला; गास्पारने दोरावरचा हात वर केला.