पाहुणी डबी

पडदेवाल्या बाई तिसऱ्या मजल्यावर एकट्याच राहत. गावभरच्या खिडक्यांना पडदे शिवून देत. स्वतःच्या खिडकीला मात्र जुनी चादर. मध्यंतरी व्हायरल ताप आला आणि जाताना जिन्याच्या पायऱ्या वाढवून गेला. पहिल्याच मजल्यावर छाती धडधडे. आधीचे डॉक्टर म्हणाले होते, "या वयात बायकांना होतं असं. मन रमवा." हे औषध कुठल्याच दुकानात मिळालं नाही.

नव्या डॉक्टरीणबाईंनी मात्र सगळं ऐकून घेतलं. "ताप उतरला तरी हृदयाला, रक्तवाहिन्यांना सूज राहू शकते. बायकांनी त्रास सांगितला की लोक तो मनावर ढकलून मोकळे होतात." त्यांनी छातीला तारा चिकटवल्या, कमरेला छोटी डबी बांधली. "उद्यापर्यंत ही ठोके टिपेल. धडधडलं की बटण दाबा. आणि रोजच्यासारखंच वागा."

पाहुणा येणार म्हणजे आवराआवर आली. बाईंनी हृदय आवरायला घेतलं. शिलाई बंद, केर बंद. दिवसभर खुर्चीत हाताची घडी घालून बसल्या. डबीशी चार गोष्टीही बोलल्या. तिनं मध्येच तोडलं नाही, हे विशेष.

संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला.

"ताई, धडधडलं का गं?"

"एकदाही नाही. पास होणार बघ मी."

"धन्य आहेस. पास झालीस की पुन्हा मन रमवायला सांगतील. नेहमीसारखी जिना चढ जरा."

"एकटीच?"

"मी आले असते, पण..."

"असू दे. लांब पडतं तुला."

बहिणीनं ते लगेच मान्य केलं.

बाई खाली गेल्या आणि दुकानातून कापडाचा गठ्ठा घेऊन रोजच्यासारख्या वर निघाल्या. दुसऱ्या मजल्यावर छातीत घोडा उधळला. त्या पायरीवर टेकल्या आणि बटण दाबलं. दोन्ही दारांमागे टीव्ही चालू होते. कोणाचंही दार उघडलं नाही. हळूहळू घोडा शांत झाला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी संगणकाच्या पडद्यावर उधळलेल्या ठोक्यांवर बोट ठेवलं. "सापडलं. हृदयाची सोनोग्राफी करू, औषध सुरू करू. वेळेवर आलात. तोवर ओझं उचलायचं नाही, जिना कमी. घरी सोबतीला कोण आहे?"

"काल ही डबी होती," बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई हसल्या. मग हसू आवरून त्यांनी खुर्ची जवळ ओढली.