देवळाबाहेरची ग्रामसभा

कापसाला चांगला भाव मिळाला त्या वर्षी पुंडलिकरावांनी मारुतीच्या देवळापुढे सभामंडप बांधला. त्याला आता बावीस वर्षं झाली. तेव्हापासून मारेगावकडच्या त्या गावाची ग्रामसभा मंडपातच भरे. आपण गावाला सावली दिली, हे पुंडलिकराव कोणी विचारलं नाही तरी सांगत.

आणि आता त्यांचीच सून सुरभी सरपंच झाली, तर तिने पहिल्याच सभेची नोटीस काढली ती शाळेच्या पटांगणाची! पुंडलिकरावांचा पारा चढला. तुला देवाचं वावडं झालं का, असं त्यांनी भर जेवणात विचारलं. वावडं कसलं? रोज सकाळी देवळापुढे रांगोळी काढणारी तीच. तिने त्यांच्या ताटात भाकर वाढली.

"देव माहा हाय मामाजी," ती म्हणाली. "ग्रामपंचायत साऱ्यायची हाय."

सभेच्या दिवशी पुंडलिकराव देवळाच्या ओट्यावर ठाण मांडून बसले. ते बसले म्हणून आणखी तीसेक माणसं बसली. तिकडे पटांगणात माणसं कमी पडत होती. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होणार, सुनेचं गावभर हसं होणार, हे त्यांना चांगलं कळत होतं. तरी गडी हलेना. जीव मात्र आतून चुटपुटत होता.

तेवढ्यात समोरून रुखमाबाई लगबगीने निघाल्या. बौद्ध वस्तीतली ही सत्तरीची बाई प्रत्येक सभेला यायची, पण मंडपाच्या पायरीखालीच उभी राहायची. बाई भिडस्त आहे, असं पुंडलिकराव धरून चालले होते. बावीस वर्षं आत या म्हटलं तर आल्या नाही, आता काहून एवढी घाई, असा त्यांनी टोमणा मारला.

रुखमाबाई थांबल्या. "तुमी कधी अडवलं नाही भाऊ, खोटं कायले बोलू? पन माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली. देवळात आमी येत नाही. अन् पायरीखालून बोललेलं आत कोनाले ऐकू येते?"

एवढं बोलून त्या चालू लागल्या. पुंडलिकरावांना एकदम आठवलं, रजिस्टर खाली नेऊन त्यांची सही घेणारे दरवेळी आपणच होतो. तोही त्यांना आपला मोठेपणा वाटायचा. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

ते उठले. मागोमाग सगळा ओटा उठला.

पटांगणाच्या कडेला येताच पुंडलिकराव सवयीने चपला काढायला वाकले. सुरभीने माइकवरूनच सांगितलं, "चपला राहू द्या मामाजी. हे देऊळ नोहे." सभा हसली. पुंडलिकरावही हसले आणि चपलांसकट बाकावर जाऊन बसले.

पहिल्याच विषयाला रुखमाबाई उभ्या राहिल्या. वस्तीतली नाली कुठे तुंबते, पाणी कोणाकोणाच्या घरात शिरतं, सगळं त्यांनी खणखणीत आवाजात मांडलं. बाईला एवढं बोलता येतं, हे गावाला आज कळत होतं. सुरभीने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. नालीचा ठराव एकमताने मंजूर झाला.

रजिस्टर फिरत आलं. पुंडलिकरावांनी रुखमाबाईंच्या नावाखाली सही केली आणि ते शेजारच्या माणसाकडे सरकवलं. त्या माणसाने काहीच विचारलं नव्हतं. तरी ते म्हणाले,

"सरपंच माही सून हाय."